लार्चमीडचं शंभरावं कार्ड

१

ज्या माणसाला नोकरी नाही त्यानं रोज सकाळी साडेसहाला जेवणाचा डबा घेऊन घराबाहेर पडू नये, एवढंच ऑर्लीना स्टिडमचं म्हणणं होतं. हे म्हणणं तिनं मनात ठेवलं होतं असंही नव्हे. चर्चच्या पायरीवर, पोस्टात, किराणाच्या रांगेत, जिथं कान सापडेल तिथं ती ते ओतत आली होती.

"एकतीस वर्षं व्हॉल्व्हच्या कारखान्यात लेथ चालवला," ती सांगायची. "कारखाना बंद पडून सात महिने झाले. गेटला कुलूप, कुलपाला गंज. पहिले चार महिने गप घरी बसला, आणि आता तीन महिने झाले, परत डबा घेऊन निघतो. कुठं जातोस विचारलं तर म्हणतो, फिरायला. आठ तास? पोस्टमन तरी एवढा फिरतो का?"

हा म्हणजे तिचा धाकटा भाऊ एस्टिल. वय एकोणसाठ, उंच, कमी बोलणारा. बायको गेल्यापासून तो बहिणीच्या घरी वरच्या खोलीत राहत होता. दोघंही केंटकीच्या डोंगरातली. ऑर्लीनाचा नवरा हे गाव बांधायच्या कामावर विटा वाहायला आला आणि मागोमाग सगळं गोत ओहायोत उतरलं. सरकारनं मंदीच्या दिवसांत कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलेलं गाव होतं ते. ऑर्लीना तिसरी इयत्ता अर्धी टाकून शाळेतून उठली होती, पण लार्चमीडची प्रत्येक वीट तिला तोंडपाठ होती. गावातले अर्धे लोक तिला मॅमॉ म्हणत, म्हणजे तिच्या डोंगराकडची आजी. उरलेले अर्धे मॅडम म्हणत, म्हणजे तिला घाबरत.

त्या सोमवारी सकाळी एस्टिल कॉफी ढवळत बसला होता आणि ती त्याच्या बोटांकडे बघत होती.

"एकतीस वर्षं तुझ्या नखातलं काळं गेलं नाही. आता बघ, नवऱ्या मुलासारखी गोरीपान झालीत. आळसानं माणूस उजळतो वाटतं."

"असेल, सिस."

"त्या क्लेटसचं ऐकलंस? तुझ्याच लाइनवर होता ना? लॉन्ड्रीत लागलाय. पितळ कातणारा गडी आता लोकांच्या चादरींच्या घड्या घालतो. माझा भाऊ असता तर मी त्याला आडनाव बदलायला सांगितलं असतं."

एस्टिलनं चमचा खाली ठेवला, डबा उचलला आणि निघाला.

दुपारी सव्वा वाजता तिची नात ड्रीमा दारात उभी राहिली. चोवीस वर्षांची, गावच्या कचेरीत करकारकून, जानेवारीपासून कायम झालेली. खांद्यावर कोट नाही, तोंडावर रंग नाही.

"मॅमॉ, मी बारा ते एक जेवायला गेले होते. परत आले तर पेटी नाही. कार्डांची सगळी पेटी कुणीतरी नेलीय."

२

पेटी म्हणजे हिरवी, पत्र्याची, दोन विटांएवढी. तिच्यात लार्चमीडच्या प्रत्येक कमावत्या माणसाचं एक कार्ड, खाली त्याची सही. लार्चमीडचा कमाई कर शेकडा एक. हा कर पगार जिथं मिळतो त्या गावाला आधी जातो. राहत्या गावाच्या वाट्याला उरलंसुरलं. म्हणून कार्डांचे रंग तीन. जो लार्चमीडमध्ये राहतो पण कामाला बाहेर जातो त्याचं पिवळं. जो बाहेरून इथं कामाला येतो त्याचं गुलाबी. जो इथंच राहतो आणि इथंच राबतो त्याचं पांढरं.

"पिवळी माणसं घरी फक्त झोपायला येतात," मेयर ब्रून्स भाषणात म्हणायचे. "गावाला पोसतात ती पांढरी आणि गुलाबी."

वेशीबाहेरचा कारखाना गेल्यावर पिवळी कार्डं ढिगानं रद्द झाली होती. गावात बेकार वाढले, पोहण्याच्या तलावाचा तळ तडकला, वाचनालय आठवड्यातून तीनच दिवस उघडू लागलं. मेयरांना कर दीड टक्का करायचा होता. न्हावी हॉलिस ट्रॅमेल याला तो एकच ठेवायचा होता, आणि त्याच्या खुर्चीत मान टाकून बसलेल्या गिऱ्हाइकाला वाद घालण्याची सोय नव्हती. शेवटी गावमंडळानं ठरवलं: पांढरी आणि गुलाबी मिळून शंभर भरली तर गाव सावरतंय असं समजायचं, दर तोच. शंभराला एक जरी कमी पडलं तर दीड टक्क्यासाठी मतदान. मोजणी गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, सगळ्यांसमोर. मेयरांना टाळ्यांची हौस फार. म्हणून गावात काम करणाऱ्यांची नावंही तेव्हा मोठ्यानं वाचायची, प्रत्येक नावाला टाळी. तोवर कार्डांवरचं अक्षर फक्त ड्रीमानं वाचायचं, आणि तिनं ते कुणाला सांगायचं नाही अशी शपथ.

मंगळवारी पहाटे पेटी परत आली. कचेरीच्या पायरीवर, झाकण लावून, नीट.

ड्रीमाला वाटलं संकट टळलं. गावचा पोलीस डूडेक आणि मेयर यांनी तिच्यादेखत कार्डं रंगारंगानं मोजली. पिवळी एकशे चौदा. गुलाबी बेचाळीस. पांढरी सत्तावन्न.

"अठ्ठावन्न होती," ड्रीमा म्हणाली. "दर शुक्रवारी मोजून कॅलेंडरवर लिहिते मी."

म्हणजे शुक्रवारी गावाचे शंभर पुरे होते. आता नव्याण्णव.

मेयरांनी चष्मा काढला. "मिस, एक पांढरं कार्ड तुमच्या ताब्यातून गेलंय. गुरुवारी सातच्या आत ते मिळालं नाही तर दुसरा करकारकून बघावा लागेल. तोवर पेटीला हात लावू नका."

"पण कुणाचं गेलं ते तरी मी बघते."

"हात लावू नका म्हटलं ना."

"मग तुम्ही वाचा."

"मला वाचायची परवानगी नाही," मेयर दुखावून म्हणाले.

ऑर्लीनानं हे रात्रीच्या जेवणाला ऐकलं आणि बटाटा अर्ध्यावर ठेवला. "म्हणजे जिला वाचायचा हक्क आहे तिला हात लावायची बंदी, आणि ज्यांचा हात लागतोय त्यांना वाचायची बंदी. हे गाव शहाण्यांनी आखलं होतं गं. चालवायला भलतेच मिळाले."

एस्टिल खाली मान घालून जेवत होता. त्याला भूक नव्हती.

"आणखी एक, मॅमॉ," ड्रीमा म्हणाली. "डूडेकनं चोर पकडलाय."

३

चोर म्हणजे न्हावी ट्रॅमेल. वाचनालयातल्या नव्या बाईंनी सोमवारी साडेबाराला खिडकीतून पाहिलं होतं: पांढरा कपडा घातलेला माणूस काखेत काहीतरी हिरवं घेऊन हिरवळीवरून चालत गेला आणि दुकानांच्या रांगेत डावीकडून दुसऱ्या दारात शिरला. डूडेक शहरातून बदलून आला होता, त्याला दोनच महिने झाले होते. तो गाडी काढून दुकानांपाशी गेला, डावीकडून दुसरं दार मोजलं, आणि आत पांढऱ्या कोटात कात्री घेऊन उभा असलेला ट्रॅमेल त्याला सापडला.

बुधवारी सकाळी ऑर्लीनानं टोपी घातली, जी ती फक्त मयताला आणि भांडणाला घालायची, आणि कचेरी गाठली. ट्रॅमेल बाकावर बसला होता. बेड्या नव्हत्या, पण त्याला उठूही देत नव्हते.

"मॅमॉ, माझ्या खुर्चीत एक जण अर्धी दाढी होऊन बसलाय कालपासून," तो म्हणाला.

"उरलेली अर्धी वाढू दे, जोडीला येईल. खरं सांग, घेतलंस?"

"मी? मला दर एकवरच ठेवायचाय. त्यासाठी शंभर लागतात. मी माझ्या हातानं नव्याण्णव करू? मी न्हावी आहे, गाढव नाही."

"दोन्ही असलेले पाहिलेत मी. पण हे तुझं बरोबर आहे."

ती मेयरांच्या टेबलाकडे वळली. "मग कार्ड गेल्याचा फायदा कुणाला, लिओपोल्ड ब्रून्स? दीड टक्का कुणाला हवाय?"

मेयर लाल झाले. "मिसेस स्टिडम, मी सोमवारी बारा ते दोन दंतवैद्याच्या खुर्चीत होतो. तोंड उघडं टाकून. दोन साक्षीदार आहेत."

"तोंड उघडं होतं यावर माझा विश्वास आहे."

पेटी टेबलाला सुतळीनं बांधून ठेवली होती, झाकण उघडं. ऑर्लीना वाकली. अक्षरांशी तिचं कधी फारसं जमलं नव्हतं, आणि तशीही वरून फक्त कडाच दिसत होत्या. तिनं कडा पाहिल्या. गुलाबी, जशीच्या तशी. पांढरी, पत्त्यांच्या नव्या जोडासारखी सरळ. पिवळी मात्र विस्कटलेली, कोपरे दुमडलेले, दोनचार तर उलटी खुपसलेली.

"ही पिवळी अशी कुणी केली?"

"चोरानं," डूडेक म्हणाला. वहीत लिहूनही घेतलं.

"गेलं कुठलं?"

"पांढरं."

"मग त्यानं पिवळ्यांत का उचकापाचक केली?"

डूडेकनं पेन्सिल थांबवली.

ऑर्लीना खुर्चीत बसली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. "ऐका. ज्याला नुसता आकडा कमी करायचाय तो वरचं एक पांढरं उचलील आणि खिशात घालून चालता होईल. अख्खी पेटी काखेत मारून भर दुपारी हिरवळ ओलांडायची त्याला गरज काय? म्हणजे त्याला कुठलंही कार्ड नको होतं. एकच हवं होतं, आणि ते कुठं आहे हे ठाऊक नव्हतं. घाईत त्यानं आधी पिवळ्यांत शोधलं. सापडेना. ड्रीमा येईल म्हणून पेटीच उचलली. मग कुठंतरी निवांत बसून पांढऱ्यांत पाहिलं, एकेक, हलक्या हातानं, आणि तिथं सापडलं. आता सांगा, स्वतःचं कार्ड पांढरं असताना पिवळ्यांत कोण शोधतं?"

बाकावरचा ट्रॅमेल पुढे सरकून बसला.

"जो जन्मभर पिवळा होता तो," ऑर्लीना म्हणाली. "जो वर्षानुवर्षं बाहेर कामाला जायचा आणि आता गावातच काम करतो. कार्डाचा रंग बदलला, पण हाताची सवय नाही बदलली. चोरानं स्वतःचंच कार्ड चोरलंय."

४

ड्रीमा घरी भांडी घासत होती. ऑर्लीनानं तिच्यासमोर सगळं मांडलं आणि विचारलं, "पिवळ्याचे पांढरे झालेले या वर्षात किती?"

"नऊ."

"कोण कोण?"

ड्रीमानं नळ बंद केला. तिचा चेहरा असा झाला की जणू तिला काहीतरी कळलं आणि ते कळायला नको होतं. "शपथ आहे, मॅमॉ."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. पण शपथ मोडून टिकवलेली नोकरी काय कामाची?"

ऑर्लीनानं तिला नीट न्याहाळून घेतलं. तोंड मिटून ठेवणारी बाई त्यांच्या घराण्यात ही पहिलीच. "बरं," ती म्हणाली. "मग मी माझे पाय झिजवते."

तिनं डूडेकला बखोटीला धरल्यासारखं दुकानांच्या रांगेपाशी नेलं. त्याच्या गाडीत बसायला नकार देऊन, हिरवळीवरून, चालत.

"दारं मोज."

सात दारं होती, सगळी एकसारख्या हिरव्या रंगाची, पाटी एकावरही नाही. "इकडून तर काही लिहिलेलंच नाही," डूडेक म्हणाला.

"आखणाऱ्यांनी या घरांना, दुकानांना दोन दोन तोंडं दिली. एक हिरवळीकडे, माणसांसाठी. एक रस्त्याकडे, मालगाड्यांसाठी. मोटारी आल्या आणि लोक रस्त्याकडूनच शिरायला लागले. पाट्याही तिकडेच लागल्या. पण वाचनालयाची खिडकी इकडे बघते. बाईंनी इकडून डावीकडचं दुसरं दार पाहिलं. तू गाडीनं पलीकडे गेलास आणि तिकडून डावीकडचं मोजलंस. तुझं डावं ते तिचं उजवं रे, बाळा. इकडून दुसरं म्हणजे तिकडून सहावं."

डूडेकनं बोटं मोजली, टोपी काढली, पुन्हा मोजली. "सहावं म्हणजे..."

"म्हणजे बेकरी," ऑर्लीना म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की डूडेक एक पाऊल मागे सरला.

बेकरी विल्हेमिना नीहाउसची होती. ऑर्लीनाच्याच वयाची, जर्मन घरातली, तितकीच ताठ. चव्वेचाळीस वर्षं त्या दोघींनी एकमेकींच्या हातच्या पदार्थाला जाहीरपणे नावं ठेवली होती. "तिच्या ॲपल पायचं कवच मोटारीच्या टायरला लावता येईल," असं ऑर्लीना म्हणे. "ऑर्लीनाचा पाव बुडत्याला देऊ नका," असं विल्हेमिना.

"तू न्हाव्याला सोड आणि त्याची माफी माग," ऑर्लीना डूडेकला म्हणाली. "बेकरीत मी एकटी जाते. चव्वेचाळीस वर्षं वाट पाहिलीय."

पण दार ढकलताना तिचा आनंद जरा अडखळला. विल्हेमिना जन्मात कधी पिवळी नव्हती. ती याच दुकानावरच्या खोलीत राहायची आणि याच दुकानात राबायची. मग पांढऱ्या कपड्यातला तो दुसरा कोण?

"काय हवं?" विल्हेमिना गल्ल्यामागून म्हणाली. "विकत, की फुकटचं मत द्यायला आलीस?"

"गडी ठेवलायस म्हणे."

विल्हेमिनानं पुसलेलाच काउंटर पुन्हा पुसला. "माझ्या दुकानात कोण राबतं ते गुरुवारी मेयर वाचतील. तेव्हा ऐक. आणि गडी म्हणू नकोस. इतका नेटका माणूस माझ्या भट्टीपाशी आजवर उभा राहिला नाही. रविवारी चर्चच्या जेवणात ॲपल पायचे दोन तुकडे खाल्लेस ते त्याच्याच हातचे. तिसऱ्यासाठी ताटली पुढे केलीस तीही मी पाहिली."

"ते कुणी आणलं होतं मला ठाऊक नव्हतं."

"म्हणून तर खाल्लंस."

ऑर्लीना उत्तर जुळवत होती, तेवढ्यात तिची नजर काचेच्या कपाटात गेली. वरच्या फळीवर थरांचा केक होता. पातळ तपकिरी पोळ्यांसारखे सात थर, मध्ये वाळवलेल्या सफरचंदांचा काळसर गर. कुठल्याही जर्मन बेकरीत हा केक मिळत नाही. हा डोंगरातल्या लग्नांचा केक, आणि प्रत्येक घराचा गर वेगळा. शिवाय ते सात थर. केसाचाही फरक नाही, जणू कुणी मापाची पट्टी लावून कातले होते.

"एक तुकडा दे," ती म्हणाली.

तिनं घास तोंडात ठेवला. सफरचंद, काकवी, सुंठ, आणि मागून हळूच येणारी काळी मिरी. तिच्या आईशिवाय जगात कुणी त्या गरात मिरी घातली नव्हती. आणि आई ज्या दोन मुलांना चूल राखायला बसवून तो केक करायची, त्यांतली एक इथं काउंटरशी उभी होती.

५

"त्याला बाहेर बोलाव," ऑर्लीना म्हणाली.

बोलवायची गरज पडली नाही. मागच्या खोलीच्या दारात एस्टिल उभा होता. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरा एप्रन, कोपरांपर्यंत पीठ. बहिणीला पाहून त्यानं हात एप्रनला पुसले, जणू त्यामुळे काही फरक पडणार होता.

"सिस."

"फिरायला जातोस ना रे तू?"

"भट्टीभोवती," एस्टिल म्हणाला.

विल्हेमिनाला हसू आलं, ते तिनं गिळलं. "मी आत आहे," ती म्हणाली आणि गेली, पण दार पूर्ण लावलं नाही.

"पेटी तू नेलीस?"

"हो."

"का?"

एस्टिल पिठाच्या पोत्यावर बसला. इतकं बोलायची त्याला सवय नव्हती. शब्द एकेक करून येत होते. "मेयर म्हणाले, नावं मोठ्यानं वाचणार. एस्टिल ब्रॅशियर, नीहाउस बेकरी. तू पुढच्या रांगेत बसणार. तिचं नाव निघालं की तुझं तोंड कसं होतं ते मला माहितीय. आणि मग सोमवारी सकाळी तू क्लेटसचं बोललीस."

"क्लेटसचं मी सहज..."

"आडनाव बदलायला सांगेन म्हणालीस. मी तर चादरीसुद्धा नाही, ॲपल पायचं कवच लाटतो. आणि तेही हिच्याकडे." तो थांबला. "मला आवडतं हे काम. पहिल्या दिवसापासून आवडलं. कारखान्यात एकतीस वर्षं मी जे केलं ते कुठं गेलं मला कधी कळलं नाही. इथं दुपारी पोरं येऊन काचेला नाक लावतात. पण तुझ्या टेबलावर बसून हे सांगायची माझी छाती झाली नाही."

ऑर्लीना काही बोलली नाही. हे इतकं दुर्मीळ होतं की दारामागून विल्हेमिनानं डोकावून पाहिलं.

"वाटलं, एक कार्ड," एस्टिल म्हणाला. "दोनशेमधून एक. कुणाला कळणार? ड्रीमा मोजते हे ठाऊक नव्हतं. ते शंभरावं असेल हेही नाही. काल ती रडत आली तेव्हा कळलं. कार्ड परत ठेवायला रात्रीच गेलो, तर डूडेकनं दोन्ही दारं बंद करून ठेवलेली. आता द्यायचं म्हणजे हातात धरून द्यायचं."

त्यानं एप्रनच्या आतून कार्ड काढलं. पांढरं, एका कोपऱ्याला लोण्याचं बोट. त्याच्या लेथच्या कामासारखी स्वच्छ, सरळ सही.

ऑर्लीनानं हात पुढे केला आणि मग मागे घेतला.

"माझ्याकडे देऊ नकोस. उद्या सात वाजता तूच घेऊन ये. मी कुणाला सांगणार नाही, डूडेकला नाही, ड्रीमालाही नाही. पण मेयरांनी हातोडा उचलला आणि तू आला नाहीस, तर तुझं नाव मी घेईन. पोरीची नोकरी मी तुझ्या लाजेवर ओवाळून टाकणार नाही. आणि मी नाव घेतलं तर तुला ते जन्मभर सलेल, मलाही."

त्या संध्याकाळी एस्टिल जेवायला आला नाही. गुरुवारी सकाळी त्याची खोली रिकामी होती, पलंग न विस्कटलेला.

६

सभागृह सहालाच भरलं. ट्रॅमेलनं गिऱ्हाइकाची उरलेली अर्धी दाढी करून दुकान बंद केलं होतं. डूडेकनं त्याची माफी मागितली होती आणि बदल्यात केस कापून घेतले होते. ड्रीमा भिंतीपाशी हात घट्ट धरून उभी. ऑर्लीना पुढच्या रांगेत, शेजारी एक खुर्ची रिकामी. कुणी बसायला आलं की ती नुसतं बघायची आणि ते पुढे जायचे.

सात वाजले. मेयरांनी तलावाच्या तळाबद्दल बोलून घेतलं. मग वाचनालयाबद्दल. मग स्वतःच्या दाढेबद्दलही थोडं. सात वाजून वीस मिनिटं झाली. ऑर्लीनानं दाराकडे पाहिलं नाही. मान वळवायची तिला इतकी इच्छा होती की तिचा खांदा दुखायला लागला.

"पांढरी सत्तावन्न," मेयर म्हणाले. "गुलाबी बेचाळीस. एकूण नव्याण्णव. तेव्हा ठरल्याप्रमाणे दीड टक्क्याचं मतदान..." त्यांनी हातोडा उचलला.

ऑर्लीना उभी राहिली. गुडघे कुरकुरले. तिनं तोंड उघडलं.

मागचं दार उघडलं आणि सभागृहात लोणी आणि काकवीचा वास शिरला.

एस्टिल एप्रनमध्येच आला होता. रात्रभर भट्टीपाशी होता हे उघड होतं. डोळे लाल, भुवयांवर पीठ. मागे विल्हेमिना नीहाउस, दोन्ही हातांत एकेक मोठा खोका. मधल्या वाटेनं तो सरळ टेबलापाशी गेला आणि कार्ड मेयरांसमोर ठेवलं.

"शंभर," तो म्हणाला. "मी नेली होती पेटी. नाव माझं आहे. एस्टिल ब्रॅशियर, नीहाउस बेकरी."

मेयरांनी कार्डाकडे पाहिलं, वाचायची परवानगी आहे का ते आठवलं, आणि ड्रीमाकडे पाहिलं. "मिस, हे... हे वाचा तुम्ही."

ड्रीमा पुढे आली. तिनं कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "सही बरोबर आहे," ती म्हणाली. "पांढरी अठ्ठावन्न. नोंद पुरी आहे."

"तक्रार नोंदवायची?" डूडेकनं हळूच विचारलं.

"नोंद पुरी आहे म्हटलं ना."

"मग दर एक टक्का," मेयर म्हणाले, आणि हातोडा पडायच्या आत ट्रॅमेलनं टाळी वाजवली, मग क्लेटसनं, मग सगळ्या सभागृहानं. मेयर आयुष्यात इतक्या टाळ्यांच्या इतके जवळ कधी उभे राहिले नव्हते. दर तोच राहिला हे ते काही क्षण विसरूनच गेले. विल्हेमिनानं खोके उघडले. पोरांनी रांग मोडली.

एस्टिल तिथंच उभा होता, हात लोंबते, टाळ्या दुसऱ्याच कुणाला असल्यासारखा. ऑर्लीना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती तोंड उघडणार हे दिसताच टाळ्या आपोआप थांबल्या. लार्चमीडमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"एस्टिल," ती म्हणाली, मागच्या रांगेलाही ऐकू जावं अशा आवाजात. "साठीला टेकलेल्या माणसाला बहिणीच्या जिभेची इतकी भीती वाटावी की त्यानं स्वतःचं नाव चोरावं, ही नाचक्की तुझी नाही, माझी आहे. ती मी घेतली. पण पोरीला तीन दिवस रडवलंस, ते तुझं. तेव्हा आत्ता, इथं, सगळ्यांदेखत, मोठ्यानं तिची माफी माग. तुझी माफी मी घरी मागेन. मला एवढ्या लोकांसमोर सवय नाही."